हेरकथेतला माणूस

हेरकथेकडून काय अपेक्षा ठेवायची, हे मराठी वाचकाला शिकवण्यात गुरुनाथ नाईक यांचा वाटा मोठा आहे. शत्रूचा कट, नायकाचे साहस आणि अखेरीस देशाचा विजय, ही त्यांच्या ‘कॅप्टन दीप’च्या कथांची चौकट. तीत रमलेल्या वाचकाच्या हाती ग्रॅहम ग्रीन यांची ‘द ह्यूमन फॅक्टर’ (१९७८) ही कादंबरी पडली, की मतभेद अटळ ठरतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील वाचकमित्रांतही तिच्यावरून दोन तट पडलेले आहेत.

पहिल्या पक्षाचे आक्षेप दोन. एक, कथेत काही घडतच नाही. नायक मॉरिस कॅसल हा लंडनच्या गुप्तचर खात्यात फायली हाताळून सायंकाळच्या गाडीने घरी परतणारा गृहस्थ. दोन, तो सोव्हिएत हेरांना गुपिते पुरवतो आणि तरीही लेखकाची सहानुभूती त्यालाच लाभते.

पहिला आक्षेप टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ग्रीन यांनी स्वतः या खात्यात नोकरी केली होती. ठरावीक मारामारी टाळून हेरकथा लिहावी, हा त्यांचा जाणीवपूर्वक हेतू होता. हिंसा येथेही आहे, पण ती आवाज करीत नाही. ओल धरलेल्या भुईमुगाच्या शेंगांवरील बुरशी आपल्या शेतकऱ्याला परिचित आहे. तिच्यातले विष कथेतील खाते हत्यार म्हणून निवडते. कॅसलचा सहकारी डेव्हिस निरपराध असतो. केवळ संशयावरून, बोभाटा नको म्हणून, त्याचा बळी घेतला जातो. दहा गोळीबारांनी येणार नाही असा शहारा या सभ्य खुनाने येतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. कॅसलची कृष्णवर्णीय पत्नी सारा हिला वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून सुखरूप बाहेर काढले ते एका साम्यवादी मित्राने. त्या उपकाराची फेड कॅसल गुपितांनी करतो. ‘देशापेक्षा प्रेम मोठे’ एवढे म्हणून दुसरा पक्ष येथे समाधान मानतो. ग्रीन मात्र तेथे थांबत नाहीत. फितुरी कॅसलची, मरण डेव्हिसचे. शेवटी कॅसल मॉस्कोत एकाकी उरतो, सारा व मुलगा इंग्लंडमध्ये अडकतात आणि दूरध्वनीवरचे बोलणेही मध्येच तुटते. ज्यांच्यासाठी द्रोह केला तीच माणसे दुरावली. हा द्रोहाचा कैवार म्हणता येत नाही, तसेच प्रेमाचा विजयही म्हणता येत नाही.

या वादात एका प्रसंगाचा उल्लेख मात्र कोणीच करीत नाही. मनावरचे ओझे असह्य होऊन कॅसल, स्वतः कॅथलिक नसतानाही, एका चर्चमध्ये पापनिवेदनाच्या जागी जाऊन गुडघे टेकतो. त्याला फक्त बोलायचे असते. धर्मगुरू त्याला डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देऊन वाटेला लावतो. १९२६ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेल्या लेखकाने हे लिहावे, याचा आम्हा धर्मगुरूंना विचार करावा लागतो. संस्कार देता आला नसता, हे मान्य. परंतु ऐकून घेण्यास कोणत्या नियमाची आडकाठी होती? गुपिते विकत घेणारे त्याचे ऐकायला तयार होते. त्याचे दुःख ऐकायला मात्र कोणीही नव्हते. माझ्या मते, या कादंबरीचे मर्म तेथे आहे.