अपस्मारावरील युनानी वनौषधी : प्रमाणांची चिकित्सा

मिरगी, फेफरे किंवा आकडी या नावांनी परिचित असलेल्या अपस्मारास युनानी वैद्यक 'सरअ' असे संबोधते. बलगम किंवा सौदा या दोषांमुळे मेंदूच्या मार्गांत अवरोध निर्माण होतो, ही त्यामागील उपपत्ती होय. इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या 'अल-कानून'मध्ये तिचे सविस्तर विवेचन आढळते. अपस्मार हा दैवी कोप नसून मेंदूचा विकार आहे, हा हिप्पोक्रेटीय विचार या परंपरेने जपला, हे तिचे मोठे श्रेय आहे.

तथापि, या विषयावरील लेखनात ग्रंथाधार, प्राणिप्रयोग आणि रुग्णांवरील चाचणी ही तीन भिन्न प्रमाणे अनेकदा एकाच पातळीवर मांडली जातात. ऊद सलीबचे उदाहरण बोलके आहे. गळ्यात हे मूळ बांधलेल्या मुलाचे झटके थांबले, ते काढताच पुन्हा आले, अशी नोंद दुसऱ्या शतकात गॅलेनने केली. निरीक्षणाची पद्धत निश्चितच प्रयोगशील आहे. परंतु एका मुलावरून सार्वत्रिक निष्कर्ष निघत नाही.

उस्तखुद्दूसबाबत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. या वनस्पतीच्या अर्कामुळे उंदरांमधील कृत्रिम आकडीची तीव्रता घटल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मात्र तिच्या सुगंधी तेलात कापूर असतो, आणि कापूर अधिक मात्रेत स्वतःच आकडी आणतो. १९३४ मध्ये बुडापेस्ट येथे मेदुना यांनी मनोरुग्णांना मुद्दाम आकडी आणण्यासाठी कापूरच वापरला होता. म्हणजेच काढा, अर्क आणि तेल यांना एकच औषध मानणे धोक्याचे ठरते. 'वनस्पतीजन्य म्हणून निरुपद्रवी' हे गृहीतक येथे टिकत नाही.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वनौषधीच्या भरवशावर चालू गोळ्या अचानक बंद केल्यास सलग झटके येऊन जीवही जाऊ शकतो.

वनस्पतीपासून औषध घडू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. भांगेच्या वनस्पतीतील कॅनाबिडिऑलला २०१८ मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मान्यता मिळाली. परंतु ती ग्रंथाधारावर नव्हे, तर नियंत्रित चाचण्यांवर. युनानी वनौषधींनाही हीच कसोटी लावणे हा परंपरेचा अवमान नसून तिच्याच निरीक्षणवृत्तीचा विस्तार होय.