स्वस्त व्हिडिओ गेम : किंमत मोजायची कशी?

1990 नंतरच्या दशकात पुण्यात वाढलेल्या अनेकांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. त्यात घालायच्या खेळांच्या डबीला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. प्रत्यक्षात त्या डबीत फीत नसे, स्मृती साठवणारी चिप असे. यातली बरीचशी यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली 14,800 येनला विक्रीस आणलेल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला होत्या. पुढे मूळ यंत्रातल्या अनेक चिपांचे काम एकाच चिपवर आले, तिच्यावर काळ्या राळेचा थेंब टाकला की झाले, आणि यंत्र आणखी स्वस्त झाले.

विकसनशील देशांना परवडणारा व्हिडिओ गेम कोणता, याची तुलना करताना बहुधा किमतीशेजारी किंमत मांडली जाते. आमच्या मते ही पद्धत अपुरी आहे. निदान तीन मापे लावायला हवीत.

पहिले माप श्रमाचे. फेब्रुवारी 2021 मध्ये भारतात प्लेस्टेशन 5 आले, ते 49,990 रुपयांना. 2021-22 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 248 रुपये होती आणि कायद्याने कुटुंबाला वर्षाकाठी 100 दिवसांच्या कामाची हमी होती. दोन वर्षांची ही सगळी मजुरी, एक पैसाही खर्च न करता, बाजूला टाकली तर 49,600 रुपये होतात. तरीही 390 रुपये कमीच पडतात! अमेरिकेत हेच यंत्र, कर सोडून, 499 डॉलरला होते. तिथल्या केंद्रीय किमान वेतनाच्या, म्हणजे तासाला 7.25 डॉलरच्या, दराने त्यासाठी सुमारे 69 तास काम करावे लागे. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवससुद्धा भरत नाहीत. डॉलरचे रुपये करून ही दरी दिसत नाही, दिवस मोजले की दिसते.

दुसरे माप खेळांच्या खर्चाचे. 2009 साली ब्राझीलमध्ये ‘झीबो’ नावाचे यंत्र खास विकसनशील देशांसाठी म्हणून 499 रियालला बाजारात आले. त्यात डिस्क नव्हती. खेळ मोबाईल फोनच्या जाळ्यातून उतरवून घ्यायचे, म्हणजे चोरट्या प्रतींना वाव नाही, अशी योजना होती. कल्पना हुशारीची खरी, पण गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही आणि 2011 साली सेवा बंद पडली. सेवा बंद म्हणजे नवा खेळ मिळण्याची वाटही बंद. आपल्याकडची कॅसेट मात्र एका घरातून दुसऱ्या घरात फिरे, अदलाबदलीने खेळ मिळे. त्यात खेळ रचणाऱ्याला काही मिळत नसे, हेही सांगायला हवे. शिवाय फसवणूक होती. काही कॅसेटींवर ‘9999999 इन 1’ असे छापलेले असे. एकेक खेळ एकच मिनिट खेळायचा म्हटले तरी रात्रंदिवस 19 वर्षे लागतील! आत असत मोजकेच खेळ, नावे बदलून पुन्हा पुन्हा घातलेले.

तिसरे माप आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते : यंत्र मुलाला काय करू देते? फॅमिकॉमचा प्रक्रियक 6502 या कुळातला. मूळ 6502 ही चिप 1975 साली अवघ्या 25 डॉलरला निघाली होती. आता योगायोग पाहा. 1984 साली भारत सरकारने ‘क्लास’ या योजनेत सुरुवातीला सुमारे 250 शाळांत जे संगणक दिले, ते बीबीसी मायक्रो होते, आणि त्यांचा प्रक्रियकही 6502च! स्मृतीत मोठा फरक होता. बीबीसी मायक्रोत 32 किलोबाइट, तर फॅमिकॉममध्ये मुख्य स्मृती 2 किलोबाइट. पण मेंदू एकाच जातीचा. खरा फरक होता कळफलकाचा आणि बेसिक या भाषेचा. शाळेतल्या यंत्राला मूल आज्ञा देऊ शकत होते. घरातल्या यंत्रात खेळ आधीच ठरलेला, मुलाने फक्त बटणे दाबायची.

म्हणजे जे यंत्र शिकण्यासाठी खुले होते ते थोड्या शाळांत पोचले, आणि जे घराघरांत पोचले ते बंद होते. कळफलक असलेल्या नकलाही नंतर निघाल्या, काहींसोबत बेसिकची कॅसेटही येई. पण शिकवणाऱ्यावाचून कळफलक म्हणजे जास्तीची बटणे. स्वस्ताईचे श्रेय या नकलांना द्यावेच लागेल, शिक्षणाचे मात्र देता येत नाही.

पुण्यातल्या शिक्षकांना स्वस्त खेळण्याची दुसरी कसोटी ठाऊक आहे. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेने टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी मुलाला स्वतः बनवता येतात, मोडता येतात आणि पुन्हा जोडता येतात. हीच कसोटी विजेवर चालणाऱ्या खेळण्यांनाही लावावी.

वर्गात एक बंद पडलेला टीव्ही गेम आणवा. वीजजोडणी काढून तो उघडा आणि राळेचा काळा थेंब मुलांना दाखवा. (जुना चित्रनळीचा टीव्ही मात्र उघडू नका. बंद असतानाही त्यात घातक दाबाची वीज साठून राहू शकते.) मग आज दुकानात असलेल्या एखाद्या यंत्राची किंमत मजुरीच्या दिवसांत काढायला सांगा. आणि शेवटी विचारा, या यंत्राला आपण नवे काय करायला लावू शकतो? उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर ते यंत्र कितीही कमी किमतीत मिळाले तरी महागच समजावे.