टपावरचे 49 सेंटिमीटर

गाडीवरची अँटेना पारखायची असेल तर नजर आधी तिच्या बुडाशी न्यावी. शेंड्याकडे सगळेच बघतात. सातपुड्याकडे निघालेली बोलेरो, टपावर कॅरिअर, मागे जादा टायर आणि त्या सगळ्यातून वर आलेली झुलती तार दिसली की लक्ष उंचीवरच जातं. जितकी उंच तितकी जोरदार, हा समज हौशी रेडिओत नव्यानं शिरलेल्यांमध्येही पक्का असतो. या कारागिरीचा कस मात्र तार पत्र्याला जिथे भेटते तिथे लागतो. आपल्याला दिसते ती तार ही निम्मीच अँटेना असते, उरलेली निम्मी म्हणजे गाडी.

हौशी रेडिओसाठी भारतात 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे. हॅम मंडळी त्याला ‘टू मीटर’ म्हणतात, कारण 145 मेगाहर्ट्झला तरंगाची लांबी 2.07 मीटर भरते. तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्यातून सुमारे पाच टक्के वजा करायचे, की उरतात 49 सेंटिमीटर. एवढीच तार टपाच्या मधोमध उभी केली की पाव तरंगाची अँटेना झाली. मार्कोनीनं उभ्या तारेचं खालचं टोक जमिनीला जोडलं, तेव्हापासूनचा हा विचार आहे: खालचा वाहक पृष्ठभाग वरच्या तारेचं प्रतिबिंब उभं करतो आणि पाव तरंगाचं काम अर्ध्या तरंगासारखं होतं. गाडीत जमिनीची जागा टप घेतं. तारेभोवती चहूकडे साधारण तिच्याच लांबीचा पत्रा मिळाला तर हे प्रतिबिंब नीट उमटतं. बोलेरोचं सपाट पोलादी टप या बाबतीत श्रीमंत आहे. कापडी टपाच्या थारला ते भाग्य नाही. तिथे बॉनेटच्या कडेला जागा शोधावी लागते, नाहीतर पत्र्याच्या आधारावर फारशी न विसंबणारी अर्ध्या तरंगाची अँटेना घ्यावी लागते.

आता यातली एक बारीक खूण. सपाट पत्र्यावरच्या पाव तरंगाच्या तारेचा रोध सुमारे 36 ओहम येतो, तर केबल असते 50 ओहमची. त्यामुळे मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना यांच्यातल्या बेजुळतेचं माप, 1.4 च्या आसपास दिसतो. नवखा तो आकडा 1 वर आणायला धडपडतो. जाणकाराला त्याच 1.4 मध्ये टप आपला वाटा चोख उचलतंय हे वाचता येतं. त्याहून देखणी गोष्ट पुढे आहे. 145 ची तिप्पट 435, आणि आपल्याकडचा दुसरा लोकप्रिय पट्टा 434 ते 438 मेगाहर्ट्झचाच आहे. तिथे हीच तार पाऊण तरंगाची होते आणि विनातक्रार चालते. तिथे तिचा झोत थोडा वर उचललेला असतो खरा, पण कॉइल नाही, जोड नाही, हलणारा भाग नाही, आणि एका तारेत दोन पट्टे. इतक्या कमी सामानात इतकं काम करून घेणारी दुसरी अँटेना मला ठाऊक नाही.

बुडाचा सांधा कसा करावा, यात चोखंदळपणाची खरी परीक्षा होते. चुंबकाचं बूड सोयीचं. ठेवलं की झालं, टपाला भोक नको. पण खानदेशातल्या उन्हाळ्यात धूळ चुंबकाखाली शिरते, गाडी हादरत राहते आणि रंग खरवडत जातो. बाभळीची एक आडवी फांदी लागली की चुंबक टपावरून घसरून केबलला लोंबतो. म्हणून रानावनात नियमित जाणाऱ्या गाडीला मी एनएमओ पद्धतीचं बूडच सुचवीन. त्याला पाऊण इंचाचं, म्हणजे 19 मिलिमीटरचं भोक लागतं. चांगल्या कारागिराचं काम बघावं ते इथे. तो भोकाच्या कडेचा वरचा रंग जराही उडू देत नाही, कारण त्या गुळगुळीत रंगावरच रबरी वॉशर बसायचा असतो आणि जुलैतलं पाणी त्यानंच अडवायचं असतं. खालच्या बाजूला मात्र तो रंग घासून पोलाद उघडं करतो, कारण बुडाचे दाते तिथे पत्र्यात रुततात आणि प्रतिबिंबाची सगळी जोडणी त्या कड्यातूनच होते. एकाच भोकाच्या वरच्या कडेला रंग जपायचा आणि खालच्या कडेला काढायचा! ड्रिलमधून उडालेला पोलादाचा कीसही तो एकूण एक टिपून घेतो, नाहीतर पहिल्या पावसात टपावर गंजाचे ठिपके उमटतात. अँटेना काढून ठेवली की त्या जागी टोपी बसवतो. वर्षानुवर्षे कोरडं राहिलेलं असं बूड दिसलं की ते ज्यानं बसवलं त्याचं नाव विचारावंसं वाटतं.

केबल हा उपेक्षित विषय आहे, पण दोन ओळी तरी त्याला द्यायलाच हव्यात. बारीक आरजी-58 केबलच्या पाच मीटरमध्ये या वारंवारतेला जवळपास एक डेसिबल, म्हणजे शक्तीचा पाचवा हिस्सा जिरतो. टपाच्या मध्यापासून रेडिओ संचापर्यंत लागेल तेवढीच केबल घ्यावी, उरलेली सीटखाली गुंडाळून ठेवू नये.

रानवाटेवर अँटेना तगते ती स्प्रिंगमुळे. जंगलातल्या गाडवाटेवर साग-पळसाच्या फांद्या काचेवर येतात, तेव्हा ताठ तार एक तर वाकते नाहीतर पत्रा फाडते. बुडाशी स्प्रिंग असली की तार नमते आणि परत उभी राहते. एवढं कुणालाही दिसतं. न दिसणारी कारागिरी स्प्रिंगच्या पोटात असते: चांगल्या स्प्रिंगमध्ये तांब्याची विणलेली मऊ पट्टी वरपासून खालपर्यंत जोडलेली असते. ती नसेल तर रेडिओचा प्रवाह स्प्रिंगच्या वेढ्यांतून फिरतो, स्प्रिंग आपोआप कॉइल बनते आणि गाडी हादरली की वेढे एकमेकांना टेकून आवाजात खरखर येते. दुकानात स्प्रिंग हातात घेऊन ताणून बघावी आणि पोटातली पट्टी दिसली तरच पैसे मोजावेत. शेंड्यावरचा छोटा गोळाही असाच. तो डोळ्याला इजा होऊ नये म्हणून असतोच, शिवाय कोरड्या वाऱ्यात उडणाऱ्या धुळीनं तारेवर साठणारा विद्युतभार टोकदार शेंड्यातून तडतडत सुटतो, त्याला ही गोलाई आवर घालते. मे महिन्यात पारोळा-एरंडोलच्या बाजूनं धुळीच्या वावटळी उठतात, तेव्हा त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्याची किंमत कळते.

मग सव्वा मीटरची, पाच-अष्टमांश तरंगाची अँटेना कुठे शोभते? बुडाशी छोटी कॉइल असलेली ही लांब तार आपला झोत क्षितिजाच्या जवळ दाबते. गणितानं पाव तरंगापेक्षा तीन डेसिबलपर्यंत जास्त मिळतात, म्हणजे शक्ती दुप्पट केल्यासारखंच. धुळे ते जळगाव हा तापीच्या खोऱ्यातला सपाट रस्ता तिचाच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये कपाशीची मोकळी काळी जमीन. अशा मैदानात दोन मीटर उंचीच्या दोन अँटेनांचं रेडिओ-क्षितिज मिळून अकरा-बारा किलोमीटर भरतं आणि त्या काठावर दबका झोत उपयोगी पडतो. पण गाडी रावेरच्या पुढे पालच्या जंगलात शिरली किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढू लागली, की समोरचा माणूस क्षितिजावर नसतो. तो वरच्या वळणावर असतो नाहीतर खालच्या दरीत. तिथे पाव तरंगाचा पसरट, वरपर्यंत जाणारा झोत कामी येतो. शिवाय सव्वा मीटरची तार खडकाळ वाटेवर डोलत राहते आणि तिच्याबरोबर आवाजही हिंदकळतो. कागदावर तीन डेसिबलनं हरणारी बुटकी तार घाटात जिंकते, ही गोष्ट मला फार आवडते.

उंचीचं खरं दान गाडी देत नाही, डोंगर देतो. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. तापीच्या मैदानापेक्षा सुमारे नऊशे मीटर उंच असलेल्या कड्यावर गाडी उभी केली, तर मधे काही आडवं नसताना रेडिओ-क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातं. तिथे 49 सेंटिमीटर पुरून उरतात. अँटेना निवडण्याइतकंच गाडी कुठे उभी करायची याचं ज्ञान मोलाचं असतं ते यामुळे.

कॅरिअरनं मात्र अनेक गाड्यांची अँटेना बिघडवली आहे. टपाच्या मधोमध उत्तम बसवलेली तार, आणि चहूकडे पाइपांचा पिंजरा, जेरीकॅन, टायर. झोत वेडावाकडा होतो. अशा वेळी जाणकार अँटेना कॅरिअरच्याच पाइपावर उचलून घेतो, पण त्याआधी कॅरिअर गाडीच्या पत्र्याशी विजेनं जोडलेलं आहे का ते मीटर लावून पाहतो. रंगवलेले बोल्ट आणि रबरी पट्ट्या यांमुळे कॅरिअर बहुतेक वेळा अधांतरीच असतं. विणलेल्या तांब्याच्या रुंद पट्ट्यांनी ते चारी कोपऱ्यांत पत्र्याला बांधलेलं दिसलं की ओळखावं, इथे समजणाऱ्याचा हात फिरलाय.

आतापर्यंतचं सगळं नजरेच्या टप्प्यातल्या बोलण्याचं. 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे ‘फॉर्टी मीटर’वर, पाव तरंगाला दहा मीटरहून जास्त उंची लागते. ती गाडीवर नेणं शक्य नाही. अडीच मीटरची तार घ्यायची आणि उरलेली लांबी कॉइलनं भरून काढायची. इथे कारागिरी सर्वात खोल जाते. बुडाशी कॉइल असलेल्या एवढ्या आखूड तारेचा उपयोगी, म्हणजे प्रारणाचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो, तर कॉइल आणि जमीन यांत वाया जाणारा रोध त्याच्या कितीतरी पट. शंभर वॅट पाठवले तरी हवेत थोडकेच जातात. कॉइल बुडाऐवजी मध्यावर नेली की तारेच्या खालच्या भागात प्रवाह भरघोस राहतो आणि उपयोगी रोध जवळपास दुप्पट होतो. म्हणून चांगल्या अँटेनेत कॉइल मध्यावर दिसते, आणि मागच्या बंपरवर बसवली तरी कॉइल टपाच्या वर मोकळ्या हवेत येईल अशी तिची उंची बेतलेली असते. जाड तारेची, रुंद, वेढ्यांमध्ये हवा राखलेली कॉइल ही या कलेतली सर्वात सुंदर वस्तू आहे.

तिचा चांगुलपणा ओळखायची खूण उलटी आहे. विक्रेता सांगतो, ‘पूर्ण पट्ट्यावर एसडब्ल्यूआर कमी येतो.’ आखूड अँटेनेबाबत हे ऐकलं की सावध व्हावं. कमी वाया घालवणारी आखूड अँटेना अरुंद असते, वारंवारता थोडी सरकली की मीटर चढतो. सगळीकडे शांत असणारी अँटेना बहुधा शक्ती उष्णतेत घालवत असते. या अरुंदपणावर डॉन जॉन्सन या अमेरिकी हौशी रेडिओवाल्यानं, म्हणजे डब्ल्यू6एएक्यूनं, सुरेख तोड काढली. बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरची मोटर त्यानं अँटेनेच्या नळीत बसवली. बटण दाबलं की कॉइल नळीतून वर सरकते, धातूच्या लवचीक बोटांना घासत जाते, आणि हवे तेवढेच वेढे वापरात येतात. चालत्या गाडीत बसल्याबसल्या पट्टा बदलतो. आपल्याकडे तिचा शत्रू धूळ आहे. नळीच्या तोंडाशी धूळ पुसणारं घट्ट कडं आणि ती बोटं, ही दोन ठिकाणं दर फेरीनंतर साफ ठेवावी लागतात.

डोंगराच्या पलीकडच्या दरीत बोलायचं असेल तर एक जुनी लष्करी युक्ती आहे. लांब तार मागून पुढे वाकवून दोरीनं गाडीला बांधायची. तार आडवी झाली की तिची लाट वर आकाशाकडे जाते, आयनमंडलावरून परतते आणि शेदोनशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारखी उतरते. मधला डोंगर आडवा येत नाही. दिवसा 7 मेगाहर्ट्झला हे बहुतेक वेळा जमतं. अक्राणी-धडगावच्या दऱ्यांतून शहाद्याशी बोलायला उभ्या तारेपेक्षा ही वाकलेली तार भारी ठरते. मात्र तीन मीटर उंचीची तार घेऊन शेतांतल्या लोंबत्या विजेच्या तारांखालून जाताना ती आधीच बांधलेली असावी. इथे चूक परवडत नाही.

माझा कौल असा: खानदेशात भटकणाऱ्या पोलादी टपाच्या गाडीला टपाच्या मध्यावर एनएमओ बूड, त्यावर स्प्रिंगसह 49 सेंटिमीटरची तार आणि महामार्गासाठी डिकीत पाच-अष्टमांश तरंगाची दुसरी तार. दोन्ही एकाच बुडावर बसतात. ‘फॉर्टी मीटर’ची हौस असेल तर मागच्या बंपरवर मध्यावर कॉइल असलेली, दोरीनं वाकवता येणारी अँटेना. हे सगळं करण्याआधी केंद्राच्या दूरसंचार खात्याची हौशी रेडिओची परीक्षा द्या, परवान्यातल्या चालत्या गाडीविषयीच्या अटी वाचा. आणि टपाला ड्रिल लावण्यापूर्वी आतलं अस्तर सोडवून आडव्या पट्ट्या आणि दिव्याच्या वायरी कुठून गेल्यात ते डोळ्यांनी बघून घ्या.