योद्ध्यांचे वर्ग आणि भेदाचे तत्त्व : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमसंहितेची समीक्षा

प्रास्ताविक :

खेळाचे नियमपुस्तक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकानाट्य-खेळाच्या संहितेत पात्रनिर्मितीचा एक स्वतंत्र विचार दडलेला आहे. कादंबरीकार पात्र वर्णनातून उभे करतो. येथे ते नियमातून उभे राहते. योद्धा कोणास म्हणावे आणि एक योद्धा दुसऱ्याहून वेगळा कशामुळे ठरतो, याचे उत्तर या संहितेने पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. प्रस्तुत लेखात त्या उत्तरांचा परामर्श घेतला आहे. (मूळ संज्ञेसाठी येथे ‘वर्ग’ हा शब्द योजला आहे. ‘वर्ण’ हा शब्द मोहात पाडणारा असला तरी तो टाळणेच इष्ट. कारण खेळाडू आपला वर्ग निवडतो, तो जन्माने लाभत नाही. १९८१ च्या ‘बेसिक’ आवृत्तीत मात्र ‘एल्फ’ व ‘ड्वार्फ’ हे वंशच वर्ग मानले गेले होते, हेही नमूद केले पाहिजे.)

आकड्यांचा भेद व बंधनांचा भेद :

मूळ संहितेत योद्ध्याचा एकच वर्ग होता. कट्यार असो वा तलवार, प्रत्येक शस्त्राचा आघात एकाच सहा बाजूंच्या फाशाने मोजला जाई. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शस्त्रागणिक आघात निराळे केले आणि पॅलॅडिन हा धर्मनिष्ठ योद्धा आणला. त्याच वर्षी रेंजर हा वनसंचारी योद्धाही अवतरला. ॲरागॉर्नशी असलेले त्याचे नाते लपण्यासारखे नाही.

यांपैकी पॅलॅडिनची घडण विशेष अभ्यसनीय वाटते. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये त्याला फायटरपेक्षा पुष्कळ शक्ती दिल्या आहेत, परंतु त्याचे वेगळेपण त्या शक्तींत नाही. त्याने उत्पन्नाचा दशांश दान करावा, दहापेक्षा अधिक जादुई वस्तू बाळगू नयेत, दुष्टांची संगत धरू नये. जाणूनबुजून दुष्कृत्य केल्यास त्याचे पद कायमचे जाते आणि तो केवळ फायटर उरतो. आपल्या साहित्यशास्त्राने वीररसाचे युद्धवीर, दानवीर, दयावीर व धर्मवीर असे भेद कल्पिले. ते शस्त्रावरून केलेले नाहीत. उत्साह कशाविषयी आहे, यावरून केलेले आहेत. पॅलॅडिन हा याच अर्थाने धर्मवीर ठरतो. त्याच्या हातची तलवार फायटरसारखीच असते, पण तो काही गोष्टी करू शकत नाही आणि त्या न करण्यातूनच त्याचे चरित्र घडते. २०१४ च्या आवृत्तीने नैतिक प्रवृत्तीची सक्ती काढून त्या जागी शपथ आणली. त्यामुळे निवड वाढली, हे खरे. पतनाची धार मात्र बोथट झाली.

तथापि नियम भेद निर्माण करतो तेव्हा मूल्यनिर्णयही करीत असतो. १९७८ च्या संहितेत स्त्री-पात्राच्या बळाला पुरुष-पात्राहून कमी मर्यादा होती. ती १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीतील बार्बेरियन निरक्षर असे. वाचता येण्यासाठी त्याला कौशल्यगुण खर्चावे लागत. ‘रानटी’ म्हणजे अक्षरशून्य, हे समीकरण कोणत्या इतिहासदृष्टीतून येते हे वर्गात मानव्यविद्या शिकविणाऱ्यांस सांगावयास नको. शिवाय हे बंधन रचनेच्या दृष्टीनेही निकृष्ट आहे. पॅलॅडिनचे बंधन पदोपदी निर्णय मागते, तर निरक्षरता काहीच मागत नाही, ती केवळ उणीव म्हणून राहते. याच बार्बेरियनचा २०१४ मधील ‘बेफाम हल्ला’ पाहावा : स्वतःचा वार लागण्याची शक्यता वाढते, पण शत्रूचे वारही तितकेच सुलभ होतात. येथे स्वभाव नियमात उतरला आहे.

फायटरची शोकांतिका :

सर्वांत उपेक्षित राहिला तो मूळचा फायटर. तिसऱ्या आवृत्तीने त्याला वीस पातळ्यांत अकरा अतिरिक्त कौशल्ये दिली. परंतु ती बहुतांशी इतर पात्रांनाही घेता येत. फायटरला ती अधिक संख्येने मिळत, इतकेच. संख्या हे व्यवच्छेदक लक्षण होऊ शकत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने यावर खरा उपाय शोधला. फायटर शत्रूवर ‘खूण’ करतो. त्या शत्रूने फायटरला वगळून अन्य कोणावर वार केला तर त्याचा नेम ढळतो आणि जवळ उभा असलेला फायटर तत्क्षणी प्रहार करतो. पॅलॅडिनही त्याच आवृत्तीत रक्षकच. पण त्याचे आव्हान मोडणाऱ्यास दैवी तेजाने इजा होते. कार्य एकच आणि रीती दोन, हा भेद मला आदर्श वाटतो. सर्व वर्गांच्या शक्ती एकाच साच्यात बसविल्याने ते सारखे भासतात, असा आक्षेप त्या आवृत्तीवर घेतला गेला. साच्यापुरता तो मान्य करता येईल. रणांगणावरील वर्तनापुरता नाही.

२०२४ च्या सुधारित पुस्तकात शस्त्रप्रभुत्वाचा नियम आला. पहिल्या पातळीवर फायटरला तीन शस्त्रांचे प्रभुत्व मिळते. बार्बेरियन, पॅलॅडिन व रेंजर यांना दोन-दोन शस्त्रांचे. म्हणजे पुन्हा संख्याच. नवव्या पातळीवर मात्र फायटर आपल्या शस्त्राचा ठरलेला परिणाम ऐनवेळी बदलून शत्रूला ढकलू, मंदावू वा त्याचा पुढचा वार दुबळा करू शकतो. प्रसंग पाहून शस्त्राचा उपयोग ठरविणे, हेच त्याचे खरे लक्षण होय, आणि ते त्याला पहिल्याच पातळीवर द्यावयास हवे होते.