पण हे आपल्याला कळलं कसं?

'इन अवर टाइम' मी पहिल्यांदा ऐकला तो चुकून. लंडनला येऊन दोनच महिने झाले होते. इथले उच्चार कानावर पडावेत म्हणून घरात रेडिओ लावून ठेवायचे. गुरुवारी सकाळी नऊ वाजता रेडिओ फोरवर, सर्दी झाल्यासारख्या आवाजात, एक गृहस्थ फार पाल्हाळ न लावता थेट विषयाला भिडले. एक विषय, तीन प्राध्यापक, जेमतेम पाऊण तास.

ऑक्टोबर १९९८ पासून मेल्व्हिन ब्रॅग हा कार्यक्रम चालवत होते. २०२५ च्या सप्टेंबरात ते थांबत असल्याचं जाहीर झालं तोवर हजारावर भाग झाले होते. कृष्णविवरं, प्रकाशसंश्लेषण, भगवद्गीता, काहीही. विषयाचा ताज्या बातमीशी संबंध हवाच, असा हट्ट नाही. त्यांच्या निरोपाच्या वेळी "अवघड गोष्टी सोप्या करून सांगितल्या" असं कौतुक खूप ऐकलं. मला ते पटत नाही. कित्येक भाग मला निम्मेच कळले आहेत, आणि तरीही मी ते शेवटपर्यंत ऐकले. ब्रॅग मुख्यतः एक काम करत: प्राध्यापक छान लयीत बोलू लागले की मध्येच विचारत, पण हे आपल्याला कळलं कसं? पुरावा काय?

२०१५ मध्ये सम्राट अशोकावर भाग झाला. शाळेत आम्ही अशोक पाठ केला होता: कलिंग, पश्चात्ताप, रस्त्याच्या दुतर्फा झाडं, चार गुण. हे कुणी आणि कशावरून ठरवलं, हे आम्ही विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही. तो भाग ऐकल्यावर मी शोधत बसले. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडेपर्यंत ते शिलालेख कुणालाही वाचता येत नव्हते. वाचता आले तेव्हाही बहुतेक लेखांत नाव निघालं 'पियदसि'. तो राजा म्हणजेच अशोक, हे सिंहलद्वीपाच्या बखरींशी ताडून ठरवावं लागलं, आणि खुद्द 'अशोक' हे नाव कोरलेला मस्कीचा लेख सापडला तो थेट १९१५ मध्ये. आमच्या नालासोपाऱ्यातही त्याचा एक लेख मिळाला होता, हे मला लंडनमध्ये कळावं!

आकाशवाणीवरची भाषणं ऐकत मी वाढले. लिहून आणलेलं, घोटून वाचलेलं, नेटकं मराठी. त्या प्रकाराला मी कमी लेखत नाही. बीबीसीची रीथ व्याख्यानंही लिहूनच आणलेली असतात, आणि १९४८ मध्ये त्यांची सुरुवात बर्ट्रांड रसेलने केली. पण लिखित भाषणात निष्कर्ष तेवढा घरपोच मिळतो. गप्पांमध्ये विद्वान अडखळतो, "नाही, तसं नाही म्हणता येणार" म्हणत वाक्य मागे घेतो, शेजारच्याशी असहमत होतो. रेडिओवर बघायला काही नसल्यामुळे तो अडखळणंही नीट ऐकू येतं.

दोषही आहेत. ब्रॅगना घड्याळाची घाई फार. रंगात आलेलं बोलणं ते निर्दयपणे तोडत. पाहुणे बहुतेक ब्रिटिश विद्यापीठांतले. गीतेवर किंवा अशोकावर बोलताना ही खिडकी फारच अरुंद वाटते. पुण्यात वा दिल्लीत हयातभर त्याच विषयावर काम केलेलं माणूस त्या टेबलाशी असतं, तर प्रश्नही वेगळे निघाले असते.

दर रविवारी बाबांना सोलापूरला फोन करते तेव्हा आठवड्याचा भाग मराठीत सांगायचा प्रयत्न करते. तिथे माझी खरी परीक्षा होते. प्रकाशसंश्लेषण हा शब्द येतो, पण पानाच्या आत नेमकं काय घडतं ते सांगताना तिसऱ्या वाक्याला मी इंग्रजीत घसरते. बाबा ऐंशीच्या घरातले, निवृत्त पोस्टमास्तर. ते "मराठीत सांग" म्हणून अडवतात. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, हातवारे करत, फोनवर दिसत नाहीत हे विसरून. परवा अशोकाची सगळी गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरं, पण त्याला खरंच पश्चात्ताप झाला होता हे कशावरून? लेख तर त्यानेच कोरून घेतले ना?"