माहूरची रेणुका : एका स्थलकथेचा विचार

नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें महाराष्ट्रांतील साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक पूर्ण पीठ. पण तेथील गाभाऱ्यांत रेणुकेची सर्वांगमूर्ति नाहीं. आहे तें केवळ मुख. त्यास तांदळा म्हणतात. असें कां, याचें उत्तर स्थलकथा देते. विद्वान वाचक तें उत्तर भाबडी समजूत म्हणून बाजूस सारतात. आमच्या मतें त्यांत मोठें मर्म आहे.

महाभारताच्या वनपर्वांतील कथा सर्वांस ठाऊक आहे. जमदग्नीच्या आज्ञेनें परशुराम मातेचा शिरच्छेद करतो. पिता प्रसन्न होतो, तेव्हां माता पुन्हां जिवंत व्हावी आणि आपल्या वधाचें तिला स्मरण राहूं नये, असे वर तो मागतो. आज्ञापालन सिद्धीस जातें. मातेवर काय गुदरलें, हें मात्र तिलाही कळत नाहीं.

माहूरची कथा तेथें थांबत नाहीं. पुढें जमदग्नीचा वध झाल्यावर परशुराम पित्याचें शव व माता यांस कावडींत घालून येथें येतो. दत्तात्रेय अंत्यविधि चालवितात. रेणुका सहगमन करते. मातेवांचून पुत्र शोक करूं लागतो. ती भूमींतून प्रगट होईल, तोंवर मागें पाहूं नकोस, अशी आकाशवाणी होते. त्यास धीर धरवत नाहीं. तो वळून पाहतो, आणि वर आलेलें मुख तेवढेंच राहतें.

यांतील सहगमनाचा भाग आज आम्हांस रुचत नाहीं, व रुचूं नये. परंतु कथेची घडण पाहण्याजोगी आहे. पहिल्या प्रसंगीं पुत्र शिर तोडतो. दुसऱ्या प्रसंगीं त्याच्याच ओढीमुळें तें मुख पूजेस उरतें. जें विस्मरणांत ढकललें होतें, तें डोळ्यांपुढें कायमचें उभें राहिलें. आज्ञा मोडतां न येणारा पुत्र येथें मातेसाठीं आज्ञा मोडतो.

हा अर्थ आम्हीं लावलेला आहे. पण पूजेची रीत त्यास अनुकूल दिसते. या मुखास कोणीही अपुरें मानीत नाहीं. त्यास महावस्त्र नेसवितात, अलंकार घालतात. कुटलेल्या विड्याचा तांबूल देवीस अर्पून तोच प्रसाद म्हणून वांटतात.

घरोघर परशुरामाची कथा मुलांस आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून सांगतात. सांगणारांनीं ती माहूरपर्यंत न्यावी, एवढीच आमची सूचना आहे.