लिंबूटिंबूंना दोष देऊ नका

डिसेंबर २०२४ मध्ये ‘बॅलॅट्रो’ला द गेम अवॉर्ड्सचा सर्वोत्कृष्ट मोबाइल गेमचा पुरस्कार मिळाला. ‘गेम ऑफ द इयर’च्या नामांकनांतही तो होता. माझ्या ओळखीच्या मुरलेल्या गेमरांनी लगेच नाकं मुरडली: पत्त्यांचा डाव इथं कशाला? हे ‘कॅज्युअल’वाले आमचा छंद बुडवणार!

ही तक्रार निन्टेन्डोच्या ‘वी’ कन्सोलपासून, म्हणजे २००६ पासून चालू आहे. आजी-आजोबा हॉलमध्ये रिमोट फिरवून बोलिंग खेळू लागले आणि आता आपल्यासाठी गेम कोण करणार, या चिंतेनं जुने खेळाडू हवालदिल झाले. पण २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ आला आणि २०२२ मध्ये आलेला ‘एल्डन रिंग’ वर्षभरात दोन कोटींवर खपला. अवघड गेमची भूक कुठंही गेलेली नाही.

आता ‘बॅलॅट्रो’च बघा. पोकर न येणाऱ्यालाही तो दहा मिनिटांत कळतो. हातात आठ पानं, एका वेळी जास्तीत जास्त पाच टाकायची, ठरलेले गुण गाठायचे. पण गुण वाढवणारे खास पत्ते, म्हणजे जोकर, डावीकडून उजवीकडे मोजले जातात, आणि खरी गंमत तिथं सुरू होते. जोडी लावली की मल्ट, म्हणजे गुणांचा गुणक, २. साधा जोकर त्यात ४ मिळवतो, ‘द ड्युओ’ नावाचा जोकर आलेल्या बेरजेची दुप्पट करतो. या क्रमानं मल्ट १२ होतो. जोकरांची जागा बदला, तीच पानं ८ वर अडकतात. असे दीडशे जोकर. एकट्या माणसानं बनवलेला हा गेम बसमध्ये उभ्याउभ्या खेळता येतो आणि महिनोन्‌महिने पुरतो.

‘टेट्रिस’ची परंपरा ती हीच. १९८४ चा हा गेम कुणीही खेळावा असा. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलानं त्याची निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस कन्सोलवरची आवृत्ती इतकी पुढं नेली की गेमच गोठला. हा मुलगा कॅज्युअल, की हार्डकोअर? याच्यापुढं दरवर्षी नवा आकडा लावून येणाऱ्या बंदूकबाजीच्या मालिकांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

मग खेळाडूचं नुकसान करतं कोण? १९९७ च्या ‘डंजन कीपर’मध्ये खोदकाम करणाऱ्या इम्पला खूण करून दिली की काही क्षणांत दगड फुटायचा. २०१४ च्या मोबाइल आवृत्तीत त्याच दगडासाठी तासन्‌तास थांबा, नाहीतर पैसे भरा. ‘कँडी क्रश’मध्ये पाच लाइफ संपल्या की एकेका लाइफसाठी अर्धा तास. इथं खेळाडूचं कौशल्य कामाचं नाही, त्याचा धीर सुटणं कामाचं आहे. हे दुकान आहे. त्याला खेळ म्हणणं मला मान्य नाही.

आणि हे दुकान मुरलेल्यांच्या घरातही थाटलं गेलं. २०१७ चा ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ पूर्ण किमतीचा गेम; वर पैशांनी घ्यायच्या पेट्या, आत काय निघेल ते नशिबावर. खेळाडू खवळले आणि अधिकृत प्रकाशनाच्या आदल्या दिवशी प्रकाशक ईएला ती विक्री थांबवावी लागली. तो राग योग्य जागी होता. तोच राग ट्रेनमध्ये ‘ल्युडो किंग’ खेळणाऱ्या काकूंवर काढणं हा अन्याय आहे. त्यांनी तुमचं काय घेतलं?

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये लिंबूटिंबूला आउट देत नाहीत. म्हणून खेळ बुडत नाही; दोन वर्षांनी तोच पक्का भिडू होतो. त्याला मैदानाबाहेर काढाल तर उद्या टीम कुठून आणणार?

तेव्हा ‘कॅज्युअल’ हा शब्द शिवीसारखा वापरणं थांबवा. गेम उघडल्यावर एवढंच बघा: हरल्यावर तो पुन्हा डाव मांडू देतो, की पाकीट काढायला लावतो? पाकीट काढायला लावत असेल तर काढून टाका, मग तो कितीही ‘हार्डकोअर’ असो.